भाराने आवळणारी गाठ

शिवलीलामृतातला व्याध तळ्याकाठच्या बेलावर चढतो, नजरेच्या आड येणारी पानं खुडत रात्र काढतो. तो पडला तर? श्रीधरकवींना ही चिंता नाही; त्यांचं लक्ष खाली शिवलिंगावर पडणाऱ्या पानांवर. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनच्या रानात पानगळीच्या दिवसांत व्हाइटटेल हरणासाठी धनुष्य घेऊन झाडावर बसणाऱ्या शिकाऱ्याचा सारा सरंजाम मात्र त्या एका ‘पडला तर?’मधून घडलेला आहे.

त्याचं टांगतं मचाण पाहावं. ॲल्युमिनियमचा पाट, दुमडती बैठक, दोन तारा, खोडाला आवळायचा पट्टा. वजन चार-पाच किलो, पेलतं बहुधा 300 पौंड, म्हणजे सुमारे 136 किलो. गंमत अशी, की शिकारी बसला की पाटाचे खोडाकडचे दात सालीत अधिक रुततात. ज्याचा भार, त्याचाच आधार.

हेच सूत्र शिकाऱ्याच्या डोक्यावर खोडाला बांधलेल्या दोरावरच्या गाठीत अधिक नजाकतीने उतरलं आहे. ऑस्ट्रियन गिर्यारोहक कार्ल प्रुसिक यांनी 1931 मध्ये मांडलेली ही गाठ: जाड दोराभोवती बारीक दोरीचे तीन वेढे. मुठीत धरून ढकला, मुकाट सरकते. झटका बसला, की जागीच आवळते. अंगभर बांधलेल्या हार्नेसचा पट्टा तिला जोडलेला. दोर बुंध्यापासून वरपर्यंत असल्याने ती शिकाऱ्याबरोबरच चढते, उतरते. हे मोलाचं, कारण चढता-उतरताना आणि पायरीवरून पाटावर पाऊल टाकताना घात होतो. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून धनुष्य मागाहून दोरीने वर येतं. बाणांची पाती भात्यात झाकलेली.

गाठीचंही एक उणं आहे. ती पडू देत नाही, पण लटकत ठेवते, आणि लटकल्या पायांत रक्त साकळतं. म्हणून हार्नेसला पाय रोवायचा एक फास असतो. बसल्यावर पट्ट्याला झोलही उरू द्यायचा नाही: झोल जितका, तितकं पडणं लांब.

वर्षभर झाडावर राहिलेला पट्टा उन्हाने विरतो, खारी तो कुरतडतात, वाढतं खोड तो ताणतं. मचाण हलकं असण्याचा खरा फायदा इथे: ते उतरवून घरी नेता येतं, पट्टे उजेडात तपासता येतात.

व्याधाची रात्र बाण न सोडताच सरली. इथल्याही कितीतरी संध्याकाळी हरणाविना मावळतात. मग अंधारात गाठ मुठीने एकेक वीत खाली सरकते. हार्नेसची कडी सुटते, ती दोन्ही पाय पाचोळ्यात टेकल्यावरच.