कुपारुक नदीतील स्फुरद-प्रयोग व अन्नजालातील कार्बन : एक चिकित्सा

पर्माफ्रॉस्ट म्हणजे सलग दोन वा अधिक वर्षे शून्य अंश सेल्सिअसखाली राहिलेली जमीन. उत्तर गोलार्धातील अशा प्रदेशांच्या मृदेत सुमारे १५०० अब्ज टन सेंद्रिय कार्बन साठलेला असून तो वातावरणातील कार्बनहून बराच अधिक आहे. ही जमीन वितळू लागल्यावर तेथील ओढ्यांचे जीवन कोणत्या कार्बनवर चालेल, या चर्चेत अलास्कातील कुपारुक नदीवरील प्रयोगाचा विचार अपरिहार्य ठरतो.

१९८३ पासून दर उन्हाळ्यात या नदीत फॉस्फोरिक आम्लाच्या रूपाने अत्यल्प स्फुरद सोडण्यात आले. टुंड्रातून वाहत येणाऱ्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारी नदी प्रकाशसंश्लेषणाने स्वतःचे अन्न निर्माण करू लागली, असा निष्कर्ष ब्रूस पीटरसन व सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडला. दगडांवरील शैवाल वाढले होते. पुढे ग्रेलिंग माशांची वाढही सुधारली. निरीक्षण निर्विवाद आहे. तथापि आरंभीच्या उन्हाळ्यांवरून नदीचे ‘रूपांतर’ झाले असे म्हणणे घाईचे होते. सुमारे आठ वर्षांनंतर त्याच पात्रातील दगड मॉसने व्यापले, हे स्लाविक व सहकाऱ्यांच्या २००४ च्या लेखातून स्पष्ट होते. (दोन-तीन वर्षांच्या अनुदानावर चालणाऱ्या प्रकल्पास हा बदल दिसलाच नसता.)

मूळ मांडणीतील उणीव येथेच उघड होते. शैवाल कीटक खरवडून खातात. मॉस थेट खाणारे प्राणी थोडे. मॉस कीटकांना आसरा देते, परंतु त्यात बांधला गेलेला कार्बन माशापर्यंत त्याच सुलभतेने पोहोचत नाही. नदीतील उत्पादन मोजले म्हणजे अन्नजालातील कार्बन मोजला, असे होत नाही.

वायव्य अलास्कातील ओढ्यांविषयी २०२० मध्ये ‘इकोसिस्टम्स’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने किरणोत्सारी कार्बनच्या आधारे जुना कार्बन थेट सजीवांच्या शरीरात शोधला. ही पद्धत निश्चितच अधिक समर्पक आहे. मात्र तिचीही मर्यादा आहे. प्राचीन सेंद्रिय द्रव्य जीवाणूंमार्फत अन्नजालात शिरते, तसाच चुनखडकातून विरघळलेला जुना कार्बन शैवालही शोषून घेते. माशाच्या शरीरातील कार्बनचे वय दोन्ही वाटांनी जुनेच दिसेल. त्यामुळे पाण्यातील अकार्बनी कार्बनचे वय सोबत तपासल्याखेरीज केवळ माशाच्या वयमापनावरून पर्माफ्रॉस्टचा वाटा ठरविता येणार नाही.