श्रोत्यांच्या ध्वनिफिती आणि पाठचिकित्सा

लेखनिकाचा एखादा प्रमाद पुढील नकलांतून मूळ पाठ म्हणूनच रूढ होतो, हे पाठचिकित्सेच्या अभ्यासकास नव्याने सांगावयास नको. ध्वनिफितींच्या बाबतीतही हेच घडते. बॉब डिलन यांचा मँचेस्टरच्या फ्री ट्रेड हॉलमध्ये १७ मे १९६६ रोजी झालेला जलसा चोरट्या तबकड्यांतून 'रॉयल अल्बर्ट हॉल' या नावाने प्रसृत झाला. १९९८ साली अधिकृत आवृत्ती निघाली तेव्हाही ते चुकीचे नाव, अवतरणचिन्हांत का होईना, कायम राहिले.

अशा प्रमादांना आळा घालण्याचा पद्धतशीर यत्न 'ग्रेटफुल डेड' (१९६५–१९९५) या अमेरिकन रॉक वाद्यवृंदाच्या चाहत्यांनी केला. वृंदाने श्रोत्यांना ध्वनिमुद्रणाची मुभा दिली. १९८४ पासून त्यांच्यासाठी सभागृहात स्वतंत्र जागाही राखली. फिती विकावयाच्या नाहीत, अदलाबदल तेवढी करावयाची, हा संकेत होता. इंटरनेट आर्काइव्हने २००२ साली सुरू केलेल्या संग्रहात एकाच जलशाची अनेक मुद्रणे स्वतंत्रपणे ठेवलेली आढळतात. ध्वनिग्राहक कोणता, यंत्र कोणते, नक्कल कितवी, याची टीपही पुष्कळदा सोबत असते. हा हस्तलिखितांचा वंशवृक्षच होय, आणि संग्रहाचे खरे मोल या टिपांत आहे.

तथापि एका प्रथेविषयी आक्षेप नोंदविणे अवश्य वाटते. ध्वनिमिश्रणाच्या फलकावरून घेतलेली फीत व श्रोत्यांत बसून घेतलेली फीत एकत्र करून 'मॅट्रिक्स' नावाचे मुद्रण सिद्ध केले जाते. दोन्ही फितींची गती एकसारखी नसल्याने एकीस ताणून दुसरीशी जुळवावे लागते. परिणाम श्रवणीय असतो. परंतु सभागृहातील कोणत्याही एका जागी तो ध्वनी तसा ऐकू आलेला नसतो. यावर कोणी म्हणेल की, भांडारकर संस्थेने १९६६ साली पूर्ण केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची संहिता तरी कोणत्या एका पोथीत जशीच्या तशी सापडते? आक्षेप रास्त आहे. परंतु तेथे त्याज्य पाठ तळटीपांत नोंदविलेले आहेत. मिश्र मुद्रणात तशी सोय नाही. दोन्ही मूळ फिती शेजारी ठेवल्या, तरच ते मुद्रण पडताळता येते.

२००५ साली या संग्रहातील मुद्रणे उतरवून घेण्यास काही दिवस मनाई झाली. चाहत्यांच्या निषेधानंतर श्रोत्यांची मुद्रणे पुन्हा खुली झाली. फलकावरील मुद्रणे केवळ ऐकण्यापुरती राहिली. म्हणजे जे गौण मानले गेले, तेच अभ्यासकाच्या हाती मोकळेपणाने आले. भाषाभ्यासकाने याचा खेद मानू नये. फलकावरील फितीत श्रोता जवळजवळ मुका असतो; त्याची दाद, फर्माईश आणि कुजबुज त्याच्याच फितीत उरते. मँचेस्टरच्या त्या जलशात एका श्रोत्याने मारलेली 'ज्यूडास' ही हाक फितीवर उतरली, म्हणूनच तो प्रसंग आज तपासता येतो.

म्हणून मूळ फीत व तिची टीप अबाधित ठेवावी आणि संस्कारित मुद्रण निराळ्या नावाने द्यावे. गोंगाट म्हणून जे पुसले जाते, त्यात पुष्कळदा पुरावाच पुसला जातो.