जपानी गणनशब्द व वाक्प्रचार : मराठीच्या आधारे एक विचार

प्रस्तावना :
तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील गाडिवाट येथील जिल्हा परिषद शाळेच्या विद्यार्थ्यांनी परकीय भाषा म्हणून जपानीची निवड केल्याचे वृत्त २०२० साली प्रसिद्ध झाले. खेड्यातील मराठी विद्यार्थी जपानीकडे वळत असताना तिचे गणनशब्द त्याला कोणत्या भाषेच्या आधारे समजावून द्यावेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो.

गणनशब्दांचे स्वरूप :
जपानीत संख्या सहसा नामाला थेट लागत नाही. माणसांसाठी 'निन', लहान प्राण्यांसाठी 'हिकि', लांबट वस्तूंसाठी 'होन', सपाट व पातळ वस्तूंसाठी 'माइ' असे शब्द संख्येला जोडावे लागतात. इंग्रजीच्या आधारे शिकताना ही केवळ पाठांतराची यादी होते. दारव्ह्याच्या बाजारातील मेथीची जुडी किंवा कडब्याची पेंढी यांच्याशी त्यांची तुलना करणेही अपुरे आहे. जुडी हा अनेक वस्तूंचा समूह असतो. 'होन' मात्र एकेक वस्तू मोजतो.

खरे साम्य 'जण' या शब्दात आहे. आपण 'चार जण' म्हणतो, पण बैलांना 'चार जण' किंवा 'चौघे' म्हणत नाही. जपानीतही एक व दोन माणसांसाठी 'हितोरि', 'फुतारि' ही स्वतंत्र रूपे आहेत. मराठीतील दोघे-दोघी हा लिंगभेद मात्र तेथे नाही. एमेनो यांनी १९५६ च्या निबंधात भारतीय भाषांतील अशा वर्गवाचक शब्दांची चर्चा केली होती. आपल्या शालेय व्याकरणात 'जण' संख्याविशेषणांच्या गर्दीत दुर्लक्षित राहतो, ही खेदाची बाब होय.

वाक्प्रचारांतील गणना :
'ज्यूनिन तोइरो' म्हणजे शब्दशः दहा जण, दहा रंग. 'व्यक्ती तितक्या प्रकृती' हा अनुवाद अर्थाला धरून आहे, पण त्यात मोजणी व रंग दोन्ही हरवतात. 'इप्पिकि ओओकामि' म्हणजे एक लांडगा. आशय मात्र कळपाबाहेर राहून स्वतःच्या वाटेने चालणारा मनुष्य. येथे माणसाला प्राण्याचा गणनशब्द लागतो आणि त्यातच वाक्प्रचाराचे मर्म आहे. आपल्या 'चारचौघांत' या शब्दाचेही तसेच. त्यातील चार ही संख्या नसून समाज आहे.

निष्कर्ष :
मराठीत 'जण' केवळ माणसांपुरता आहे, ही तुलनेची मर्यादा मान्य करावी लागते. तरीही मोजण्यातच वर्गीकरण असते, ही जाण मराठी विद्यार्थ्याकडे आधीच आहे. अध्यापनाचा आरंभ तेथून व्हावा. त्यामुळे जपानी सुलभ होईल आणि मराठीही नव्याने कळेल.