शामाच्या गाण्यातल्या जागा

लुडविग कॉख या जर्मन मुलाने १८८९ साली, वयाच्या आठव्या वर्षी, घरातल्या पाळीव शामाचं गाणं मेणाच्या नळकांड्यावर उतरवून घेतलं. पक्ष्याच्या आवाजाचं हे पहिलं ज्ञात ध्वनिमुद्रण. खरखर भरपूर आहे. पण माझी तक्रार तिच्याबद्दल नाही. त्या गाण्याला समोरून उत्तर येत नाही, ही आहे.

शामा हा दयाळाचा रानातला भाऊबंद. दयाळ अंगणात, तारेवर बसून उघड्यावर गातो. शामाला बांबूची बेटं, ओढ्याकाठची गच्च झाडी, खालची सावली लागते. कोकण-गोव्याच्या बाजूला सह्याद्रीच्या दाट रानात तो राहतो. वजन जेमतेम तीस ग्रॅम. नराचं डोकं, गळा, पाठ चकचकीत काळी, पोट तांबूस, कमरेवर पांढरा पट्टा आणि मागे लांबलचक शेपूट. फांदीवर टेकताच ती झटक्यात वर जाते.

एवढा देखणा असून गाताना तो बहुधा दिसतच नाही. मग ऐकायचं. सुरुवात खालच्या पट्टीत : दोन-तीन भरीव स्वर, प्रत्येक सुटा, स्वच्छ. मग थांबा. मग एक लकेर चढते, वळण घेते आणि आपण जिथे सम धरून बसलेलो असतो त्याच्या अलीकडेच तुटते. पुन्हा थांबा. पुढची लकेर भलत्याच स्वरावरून निघते. मध्येच दुसऱ्या पक्ष्याचा आवाज येतो. नकला भृंगराजही फर्मास करतो, पण त्याची नक्कल नक्कल म्हणूनच कळते. शामा उसना तुकडा आपल्या चालीत मुरवून टाकतो. मला तो सरस वाटतो तो इथे.

हे सगळं रानाने घडवलेलं आहे. दाट पाल्यात चिरके स्वर पानांवर आपटून लवकर विरतात. खालचे, सावकाश स्वर लांबवर पोचतात. आणि ते थांबे? शेजारी फार लांब नसतो. नराची हद्द सरासरी ०.०९ हेक्टर असल्याची नोंद आहे, म्हणजे नऊएक गुंठे! आपण गायचं, गप्प व्हायचं, पलीकडच्याचं ऐकायचं. अर्धं गाणं असं त्या गप्प राहण्यात असतं. संध्याकाळी बाकीचे पक्षी निजायच्या तयारीला लागले तरी याचा सवाल-जवाब चालूच.

मादी रंगाने फिकी, तीही गाते. झाडाच्या ढोलीत मुळ्या, पानं, काड्या रचून घरटं ती एकटीच करते, चार-पाच अंडी बारा ते पंधरा दिवस उबवते. नर तेव्हा पहाऱ्यावर. पिल्लांना किडे मात्र दोघं भरवतात.

या गळ्यापायीच तो पिंजऱ्यात गेला. इंडोनेशियात शामांच्या गायनस्पर्धा भरतात. व्यापार इतका वाढला की नोव्हेंबर २०२२ मध्ये पनामाच्या बैठकीत त्याचं नाव सायटिस या वन्यजीव-व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात घालावं लागलं.

ऐकायचाच असेल तर चैत्र-वैशाखात, फटफटायच्या आधी, गोव्यातल्या मोले किंवा बोंडल्याच्या रानात जावं. मोबाइलवर त्याचंच गाणं वाजवून त्याला बाहेर काढणारे हौशी तिथेही भेटतील. तो येतोही, शेपूट झटकत. पण दाद द्यायला नाही, हद्दीत घुसलेल्या नराला हुसकायला.