डिलीट दाबल्यावर मागे काय उरतं?

रिसर्चला यायच्या तयारीत असाल तर आत्ताच सांगून ठेवते: विज्ञान शाखेतून आलात तरी ड्राफ्टिंग सॉफ्टवेअर तुम्हाला चुकणार नाही. सॅम्पल होल्डर, प्रयोगाचा स्टँड, एखादी अ‍ॅडॉप्टर प्लेट हे सगळं बाजारात हवं तसं मिळत नाही. ड्रॉइंग काढून वर्कशॉपला द्यावं लागतं. मग आपण ऑटोकॅड उघडतो, दोन व्हिडिओ बघतो आणि ‘निवडा, डिलीट दाबा’ एवढं शिकून कामाला लागतो. आजची तक्रार याच कमांडबद्दल आहे.

समजा, एका प्लेटवर सहा भोकं आहेत आणि त्यातलं एक तुम्हाला नकोय. वर्तुळ निवडलंत, डिलीट दाबलंत. वर्तुळ गेलं, पण त्याला जोडलेलं व्यासाचं माप तिथेच लटकत राहिलं. दाट ड्रॉइंगमध्ये ते नजरेतून सुटणं फार सोपं आहे. आता वर्कशॉपमधल्या माणसाच्या जागी उभे राहा. माप आहे, वर्तुळ नाही. वर्तुळ काढायचं राहून गेलं, असंच त्याला वाटणार ना? त्याने भोक पाडलं तर प्लेट वाया गेली, आणि दोष कुणाचा यावर चर्चा सुरू.

सॉफ्टवेअरची बाजू अशी की तुम्ही वर्तुळ निवडलं होतं, माप नव्हे. हे मला पटत नाही. असोसिएटिव्ह माप लावलेलं असेल तर वर्तुळ मोठं करून बघा, आकडा आपोआप बदलतो. म्हणजे हे माप या वर्तुळाचं आहे, हे प्रोग्रॅमला ठाऊक आहे. आकार बदलताना ते नातं तो पाळतो आणि पुसताना सोडून देतो. अ‍ॅनोटेशन मॉनिटर चालू असेल तर अनाथ मापाशेजारी पिवळं इशाराचिन्ह दिसतं, पण तेही पुसून झाल्यावर.

याचं मूळ मला ‘इरेज’ या नावातच दिसतं. ड्रॉइंग बोर्डावर रबर फिरवला की जिथे फिरवला तेवढंच जातं, शेजारचा आकडा तसाच राहतो. १९८२ साली आलेल्या ऑटोकॅडने तो रबर उचलून पडद्यावर ठेवला. कागदाला नाती माहीत नसतात, त्यामुळे तिथे ते ठीक होतं.

गंमत म्हणजे त्याच्या बरंच आधी कुणीतरी वेगळा विचार केला होता, आणि तोही पीएच.डी.च्या प्रबंधात. आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये एमआयटीला सादर केलेला ‘स्केचपॅड’ प्रबंध जरूर चाळा. टीएक्स-२ या संगणकावर लाइट पेनने चित्र काढण्याची ती पद्धत. तिच्यात नियम असा होता की एखादी गोष्ट पुसली, की तिच्यावर अवलंबून असलेलं सगळं पुसलं जाणार. बिंदू गेला की त्यावर संपणाऱ्या रेघाही गेल्या. हे जरा निर्दयच आहे, एका बिंदूपायी तुमचं निम्मं चित्र जाऊ शकतं. पण अर्थ नसलेलं काही मागे उरत नाही. दोन टोकांचा बिंदू नसलेली रेघ म्हणजे नेमकं काय, हा प्रश्न त्या माणसाने विचारला होता. प्रबंध कसा वाचायचा असं कुणी विचारलं तर मी हाच भाग दाखवेन: बटणाच्या मागे ‘वस्तू म्हणजे काय’ याची व्याख्या बसलेली असते.

ऑटोकॅडला सगळीकडेच नावं ठेवायची नाहीत. ‘ऊप्स’ ही कमांड मला मनापासून आवडते. मराठीत तिला ‘अरेच्चा’ म्हणता येईल. अनडू एकेक पायरी मागे जातं, त्यामुळे मधलं कामही उलटतं. ऊप्स मात्र शेवटच्या इरेजमध्ये गेलेल्या वस्तू तेवढ्या परत आणतं, नंतर केलेल्या कामाला हात न लावता. हे शक्य होतं कारण पुसलेली वस्तू लगेच नष्ट होत नाही, तिच्यावर ‘पुसलेली’ अशी फक्त खूण होते. पण एकाच इरेजपुरतं. त्याआधीचं गेलं ते गेलं.

निवडण्यातही फसगत आहे. खिडकी डावीकडून उजवीकडे ओढली तर पूर्ण आत असलेलंच निवडलं जातं, उजवीकडून डावीकडे ओढली तर नुसता स्पर्श झालेलंही. हे बहुतेकांना दोन दिवसांत कळतं. त्याहून वाईट म्हणजे इरेज देऊन ‘ऑल’ टाइप करणं. बंद ठेवलेल्या लेयरवरच्या, डोळ्यांना दिसत नसलेल्या वस्तूही त्यात जातात. वाचतात त्या फ्रीझ किंवा लॉक केलेल्या लेयरवरच्या. ‘ऑफ’ आणि ‘फ्रीझ’ यांत फरक काय, असं विचारत असाल तर तो इथे कळतो, आणि महागात कळतो. उलट बाजूला ब्लॉक आहेत. पडद्यावरचे सगळे पुसले तरी त्यांची व्याख्या फाइलमध्ये राहते, ती ‘पर्ज’ केल्याशिवाय जात नाही.

मग नातं सांभाळणारं सॉफ्टवेअर बरं का? फ्रीकॅड घ्या, फुकट आहे. ज्या स्केचवर एखादा पॅड उभा आहे ते स्केच पुसायला गेलात तर तो थांबतो, अवलंबून असलेल्या वस्तूंची यादी दाखवतो आणि त्या बिघडू शकतात, पुढे जायचं का, असं विचारतो. तिघांमध्ये मला हेच वागणं सगळ्यात प्रामाणिक वाटतं. पण त्या यादीत काय असतं? तुम्ही नावं बदलली नसतील तर पॅड००३, पॉकेट००७. यातला पॉकेट००७ म्हणजे कुठला खड्डा, हे आठवायचं कसं? बिघडणारा भाग मॉडेलवरच लाल करून दाखवला असता तर प्रश्न मिटला असता. अवलंबित्वाचा आलेख काढायची सोय त्याच प्रोग्रॅममध्ये आहे, पण ती वेगळ्या मेनूत, पुसण्याच्या क्षणापासून लांब.

तोवर मी त्या खिडकीचा उलटा वापर करते. कशावर काय उभं आहे हे बघायचं असलं की ते स्केच पुसायला घेते, आलेली यादी वाचते आणि ‘नाही’ दाबते.