निळ्या टाईलवरचा घर नंबर : किती जुना, किती खरा?

पणजीच्या मळा-फोंताइन्हास भागात मंडळाची फेरी असली की एक प्रश्न हमखास येतो. पिवळ्या किंवा तांबड्या भिंतीत बसवलेली निळी-पांढरी टाईल, तिच्यावर घराचा नंबर, आणि कोणीतरी विचारतं, "ह्या पोर्तुगीजांच्या वेळच्या ना?" बाजूचा एखादा "हो तर" म्हणतो, फोटो निघतात, मंडळी पुढे सरकतात. काही वर्षं मीही असंच "हो" म्हणत आलो. मग फोंड्याकडच्या आमच्या घराला आम्ही हौसेने तशीच टाईल बसवली आणि तिसऱ्या पावसाळ्यात ती गिलाव्यासकट खाली आली. तेव्हापासून मी ह्या टाईल जरा थांबून बघतो. त्या बघण्यातून जे मत झालं ते इथे मांडतो.

आधी वयाचा मुद्दा. 'अझुलेजू' हा शब्द मुळात अरबी, 'अझ-झुलैज'वरून आलेला. ही कला स्पेनमधल्या सेव्हिल्यातून पोर्तुगालमध्ये गेली, आणि आज आपण जिला 'पोर्तुगीज निळी' म्हणतो ती रंगसंगती चिनी मातीची भांडी आणि डच टाईल ह्यांच्या प्रभावाने रुजली. गोव्यात ती आली चर्च आणि मठांच्या भिंतींवर. जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टिनच्या अवशेषांत तिच्या खुणा आहेत. पणजीत सर्वांना सहज बघता येणारं मोठं काम म्हणजे मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशदालनातलं. जोर्ज कोलासू ह्या चित्रकाराने 1935 साली कामोंइशच्या 'लुसियाद' महाकाव्यातले प्रसंग तिथे रंगवले. पोर्तोच्या साऊं बेंतू रेल्वे स्थानकातल्या प्रसिद्ध टाईलही त्याच्याच.

ही सगळी कामं धर्मसंस्थांची किंवा सार्वजनिक इमारतींची. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालमध्ये घरांचे दर्शनी भाग टाईलने मढवायची चाल पसरली, पण आमच्याकडची चिऱ्याची घरं चुन्याच्या रंगावरच राहिली. पावसाळा संपला की भिंत खरवडायची, पुन्हा रंग काढायचा. माझ्या पाहण्यातल्या जुन्या घरांना नंबराची टाईल मूळची नाहीच. आज दिसतात त्यातल्या बऱ्याचशा गेल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या. नवी असणं हा दोष नव्हे. नवी वस्तू जुनी म्हणून दाखवली जाते आणि आपण इतिहासप्रेमीच त्याला साक्ष देतो, ही माझी तक्रार आहे.

ह्याच भागातल्या 'रुआ 31 द जनैरू' ह्या रस्त्याचंच घ्या. पोर्तुगाल स्पेनपासून स्वतंत्र झाला तो हा दिवस, असं ह्या नावाबद्दल पर्यटकांना सर्रास सांगितलं जातं. पण ती घटना 1 डिसेंबर 1640 ची. 31 जानेवारीला, 1891 साली, पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांनी बंड केलं होतं. सुबक टाईलवर नाव वाचलं की माणूस पुढची चौकशी करत नाही, सांगितलेलं खरं मानतो.

आता त्यांच्यावरच्या चित्रांकडे येऊ. नेहमीच्या नमुन्यात पिवळी-निळी चौकट, एका कोपऱ्यात शिडाचं जहाज नाहीतर बार्सेलुशचा कोंबडा, आणि मधे वळणदार आकडे. हा कोंबडा पोर्तुगालचं चिन्ह म्हणून जगभर पोचला तो विसाव्या शतकात, सालाझारच्या राजवटीतल्या पर्यटनाच्या प्रचारातून. फोंताइन्हासमध्ये तो एक वेळ चालून जाईल. फोंड्याच्या बाजूला, दारात तुळशीवृंदावन असलेल्या घरावर तो कशासाठी? फोंडा महाल पोर्तुगीजांकडे गेला 1763 मध्ये, जुन्या काबिजादीनंतर दोन शतकांहून अधिक काळाने. त्या घरांची घडण, चौक, सोपा, देवघर हे सगळं वेगळं आहे. जहाज दिसलं की वाईट वाटतं असं नाही. त्या चित्रात त्या घराचं काहीच नसतं, हे खटकतं. देवनागरी टाईलचंही तेच. संगणकावरचा फाँट उचलून छापलेला, शिरोरेषा चौकटीला टेकलेली, 'प्रसन्न'मधला जोडाक्षराचा गोळा.

चांगल्याही बघितल्यात. एका घराच्या बाल्कांवाजवळ फक्त तीन देवनागरी आकडे आहेत, हाताने काढलेले, कुंचला जिथे दाबला तिथे निळा गडद झालेला. रस्त्यावरून पोस्टमनला वाचता येतात. खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात साल आहे, 2009. मला ती सगळ्यात आवडली ती त्या सालामुळे. आपण कधीची हे ती लपवत नाही.

आता आमच्या घराची गोष्ट, कारण खरं नुकसान तिथे झालं. दाराच्या चौकटीवर पंचायतीचा नंबर डांबराने लिहिलेला होता, '124/अ'. बाजूला मलेरियाच्या फवारणीच्या तारखा, जनगणनावाल्यांची गेरूची खूण. मेस्त्रीने विचारलं, "बाब, हे खरवडू ना?" मी म्हटलं, "खरवड." टाईलवर '/अ' नीट बसत नव्हता, म्हणून नुसता '124' करून आणला. दिवाळीत काका आले, टाईल बघून हसले आणि म्हणाले, "अरे, मग आमचं घर कुठे गेलं?" तो 'अ' लागला होता आजोबा आणि त्यांच्या भावाची वाटणी झाली तेव्हा. घरपट्टीच्या पावत्या, विजेचं कनेक्शन, सगळं त्या एका अक्षरावर चालतं. चौकटीवरच्या लिखाणाचा फोटो कोणाकडेच नाही. घराच्या इतिहासाचा सगळ्यात प्रामाणिक कागद चौकटीवर होता, आणि 'हेरिटेज' म्हणून मीच तो पुसला.

टाईल पडली तीही आमच्याच चुकीने. चिरा सच्छिद्र असतो. इकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो. भिंत पाणी पिते आणि चुन्याच्या गिलाव्यातून हळूहळू सोडते. मेस्त्रीने गिलावा फोडून जाड सिमेंट भरलं आणि टाईल ठोकून बसवली. सिमेंट कडक, चुना मऊ. दोघांच्या सांध्यावर चीर गेली. वरच्या कडेने पाणी आत शिरलं. पुढे टाईलची काच, मागे सिमेंट, त्याला बाहेर पडायला वाट नाही. भोवतालचा रंग फुगला, पापुद्रे सुटले, आणि एका रात्री सगळं खाली.

दुसऱ्यांदा चुन्याचं काम जाणणाऱ्या जुन्या गवंड्याकडून करून घेतलं. त्याने पावसाळ्यानंतर भिंत वाळायला दोन-तीन महिने दिले. भिंतीवर बोटाने टकटक करून कुठे पोकळ वाजतं ते बघितलं. टाईलपेक्षा थोडी मोठी खाच घेतली, तीही फक्त गिलाव्यात, चिऱ्याला हात न लावता. टाईल पाण्यात भिजवली, म्हणजे तिने मसाल्यातलं पाणी शोषू नये. खाच ओली करून चुना-वाळूचा मसाला भरला, टाईल दाबून बसवली, खालून पट्टीचा टेकू दिला आणि मसाला धरेपर्यंत काढला नाही. वरची कड नीट बुजवली, आणि पाणी टाईलमागे न जाता बाहेर ओघळावं असा तिला उतार दिला. चुन्यात बसवल्यामुळे उद्या कोणाला ती काढायची झाली तर अख्खी निघेल.

नव्या टाईलवर '124/अ' आहे आणि खाली बसवल्याचं साल. कोंबडा नाही.

मंडळाच्या सभासदांना एवढंच सांगणं : टाईल हौसेने लावा, पण आधी चौकटीवरचं डांबर, गेरू, खडू, जे असेल त्याचा फोटो घ्या, आणि टाईल कुठे लावायची ते ठरवताना ती चौकट सोडून जागा बघा. आणि पुढच्या फेरीत कोणी "पोर्तुगीजांच्या वेळची ना?" असं विचारलं, तर लगेच "हो" म्हणू नका. कडेला चुना आहे की सिमेंट, तेवढं आधी बघा.