लोणारचा रंग आणि उपग्रहाची साक्ष

जळगावला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे खारे सरोवर एरवी शैवालामुळे हिरवट दिसते. जून २०२० मध्ये ते गुलाबी झाले. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने लँडसॅट-८ उपग्रहाची २५ मे व १० जून २०२० या दिवसांची चित्रे प्रसिद्ध केली. त्यांत हा पालट स्पष्ट दिसतो. वाढत्या क्षारतेबरोबर ड्युनॅलिएला या शैवालावरही तेव्हा संशय घेतला गेला. पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, तेव्हा रंगाचे कारण हॅलोआर्किआ हे लवणप्रिय सूक्ष्मजीव असल्याचे आढळले. आणि ते शैवाल नव्हेत.

या प्रकरणात चित्राने खोटी साक्ष दिली नाही. जीवाची जात सांगणे हे त्याचे कामच नव्हते. उपग्रह परावर्तित प्रकाश मोजतो. हरितद्रव्य ६६५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते आणि शैवाल दाट असल्यास ७०५ च्या सुमारास परावर्तन वाढते. या दोहोंच्या तुलनेवर शैवालमापनाची एक प्रमुख पद्धती उभी आहे. तथापि लँडसॅट-८ ला ७०५ चा पट्टाच नाही. शिवाय ड्युनॅलिएलातील कॅरोटीन आणि हॅलोआर्किआतील बॅक्टेरिओरुबेरिन ही दोन्ही रंगद्रव्ये निळा-हिरवा प्रकाश शोषतात. रुंद पट्ट्यांच्या चित्रात त्यांचा भेद उमटणे कठीण होय.

सेंटिनेल-२ या युरोपीय उपग्रहमालेत तो पट्टा आहे. परंतु त्याची चौकट २० मीटरची, आणि पावसाळ्यात ढग आडवे येतात. सुमारे सव्वा किलोमीटर व्यासाच्या सरोवरात काठच्या चौकटींत पाणी, चिखल व झाडी यांची सरमिसळ होते, हेही विसरता येत नाही.

म्हणून उपग्रहचित्र निरुपयोगी ठरते काय? मुळीच नाही. पालट केव्हा झाला आणि किती पसरला, हे त्याच्याइतके नियमितपणे दुसरे साधन सांगू शकत नाही. लँडसॅट मालिकेचा संग्रह तर १९७२ पासूनचा आहे. मात्र पालट कशाने झाला, याचे उत्तर पाण्याच्या बाटलीतच मिळते. २०२० मध्ये लोणारला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. अशा ठिकाणी कारणाचे निदान चुकले, तर उपायही चुकतो.

उपग्रहाच्या फेरीचे दिवस आधीच ठाऊक असतात. जळगाव-धुळ्याच्या अभ्यासकांना लोणार दूर नाही. त्याच दिवशी घेतलेला नमुना, त्याची क्षारता आणि सूक्ष्मदर्शकाखालील नोंद जोडल्याशिवाय केवळ रंगाच्या आधारे काढलेला शैवालाचा आकडा प्रबंधात ग्राह्य धरू नये.